नवऱ्याने मला न विचारता दुसरा निकाह केला. तो कायद्याने चालतो का? आणि माझे हक्क कोणते?

निकाह वैध आहे, कारण भारतातल्या मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात पुरुषाला एका वेळी चार बायकांपर्यंत मुभा आहे आणि पहिलीची संमती ही अट नाही. पण तुम्ही त्याच्यासोबत राहिलंच पाहिजे, असं मुळीच नाही. नवऱ्याने दुसरं लग्न केलं हेच वेगळं राहण्याचं पुरेसं कारण ठरतं आणि तरीही पोटगी मिळते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम 144, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125). कौटुंबिक न्यायालयात अर्ज करताना त्याच दिवशी अंतरिम पोटगीही मागा. सोबत निकाहनामा, दुसऱ्या निकाहचा पुरावा आणि त्याच्या उत्पन्नाची जमतील ती कागदपत्रं जोडा. घटस्फोट हवा असेल तर 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात दोन बायकांना समान न वागवणं हे स्वतंत्र कारण आहे, मात्र नुसता दुसरा निकाह दाखवून भागत नाही, वागणुकीतला फरक सिद्ध करावा लागतो. इथेच बऱ्याच जणी फसतात: घाईने ‘खुला’ (बायकोने स्वतः मागितलेला तलाक) घेतात आणि त्यात सहसा मेहर (निकाहच्या वेळी नवऱ्याने बायकोला देण्याची ठरलेली रक्कम किंवा मालमत्ता) सोडून द्यावा लागतो. 1939 च्या कायद्याने घटस्फोट घेतल्यास मेहरचा हक्क शाबूत राहतो, म्हणून न वाचता कुठल्याही तडजोडीवर सही करू नका. एक अपवाद: तुमचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल, तर त्याचा दुसरा निकाह रद्दबातल आणि गुन्हाही आहे. उत्तराखंडात समान नागरी कायद्यामुळे जानेवारी 2025 पासून बहुपत्नीत्वाला बंदी आहे.