वाचकांचे प्रश्न : डोंगरातला जंगली कांदा

प्रश्न : उंचावरच्या कुरणात कांद्याच्या पातीसारखं काही दिसलं आणि चुरडल्यावर कांद्याचा वास आला, तर ते खायला हरकत नाही ना?

उत्तर : वास आला नाही तर ते झाड सोडायचं, इतकं पक्कं. पण वास आला म्हणून निर्धास्त होऊ नका. दोन-तीन पाती चुरडल्या की वास बोटांनाच लागतो आणि मग पुढचं कुठलंही पान कांद्याचंच वाटतं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत डेथ कॅमस ही विषारी वनस्पती जंगली कांद्यांच्या जोडीनेही उगवते. तिचा कंद थेट कांद्यासारखा, पापुद्रेही तसेच. फक्त कांद्याचा वास तिला नसतो. म्हणून मूठभर कंद एकदम न हुंगता एकेक हुंगायचा.

फुलं आली असतील तर काम सोपं. कांद्याच्या दांड्याच्या टोकाला एकच गुच्छ असतो आणि त्यातले सगळे देठ एकाच जागेवरून फुटतात. डेथ कॅमसची फुलं दांड्यावर खालून वर ओळीने लागतात. युरोपात रुंद पानांच्या जंगली लसणाऐवजी चुकून कोल्चिकम या विषारी फुलझाडाची पानं खुडली जातात. त्यातलं कोल्चिसिन हे विष शिजवून जात नाही, शिवाय त्रास काही तासांनी सुरू होतो. त्यामुळे ‘जरा चाखून बघू’ हा उपाय नव्हेच. आपल्याकडचा कोळकांदा, ज्याला रानकांदाही म्हणतात, तोही विषारीच. हृदयावर परिणाम करतो.

प्रश्न : कंदासकट उपटावा की नुसती पात घ्यावी?

उत्तर : पातच, तीही एका झाडाची एकच. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलेशियन डोंगरातल्या रॅम्पला, म्हणजे तिथल्या जंगली कांद्याला, बी धरायला पाच ते सात वर्षं लागतात. कंद गेला की एवढी वर्षं गेली. तिथल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात रॅम्प काढायला बंदी आहे.

प्रश्न : हिमालयातला वाळवलेला जंबू (कांद्याच्या जातीची वासाची पात) फोडणीत कडू होतो. काय चुकतं?

उत्तर : तो मोहरीबरोबर पडतो, हे चुकतं. वाळलेली पात काही सेकंदांत करपते. बाकी फोडणी झाली, गॅस बंद केला, की चिमूटभर टाका आणि लगेच डाळीवर ओता. घरी वाळवायचा असेल तर अख्खी पात सावलीत पातळ पसरा. आधी चिरली तर पेशी फुटून वास तिथेच उडायला लागतो.