कर्परचेता, मस्तिष्कचेता की ‘डोक्याची नस’?

चेहऱ्याच्या पक्षाघाताच्या रुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक तयार करणाऱ्या पुण्यातील एका वाचिकेने विचारले आहे की, ‘क्रेनियल नर्व्ह’साठी, म्हणजे मेंदूशी जोडलेल्या आणि कवटीतून जाणाऱ्या, संदेश नेणाऱ्या चेतांसाठी मराठीत कोणता शब्द वापरावा. शालेय पुस्तकात त्यांना ‘कर्परचेता’ आढळला, मराठी विश्वकोशात ‘तंत्रिका’ दिसली, आणि दवाखान्यात येणारी माणसे तर सरसकट ‘नस’ म्हणतात. त्यांच्या मसुद्यातील वाक्य असे आहे : ‘या आजारात चेहऱ्याची नस सुजते.’

आधी ‘नस’चा विचार करू. ‘नस’ आणि ‘शीर’ हे दोन्ही शब्द मराठीत प्रथम रक्तवाहिनीकडे जातात. ‘धोरी नस’ तीच, आणि रक्त तपासायला गेल्यावर ‘शीर सापडत नाही’ म्हणतात तीही तीच. मात्र ‘कमरेत नस दबली’ असे म्हणताना त्याच माणसाच्या मनात रक्त नसते, तर पायापर्यंत उतरणारी कळ असते. बोलताना हा फरक संदर्भाने निभावून जातो. कागदावर ‘नस सुजते’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र पोटरीवरच्या फुगलेल्या शिरा उभ्या राहण्याचा संभव असतो. ‘स्नायू’ तर टाळावाच, कारण हिंदीत ‘स्नायुतंत्र’ म्हणजे आपली चेतासंस्था, आणि हिंदी पत्रकावरून मराठी पत्रक करताना हा शब्द नेमका चोरपावलांनी शिरतो. वर्तमानपत्रांचा लाडका ‘मज्जातंतू’ त्या मानाने बरा, पण तंतू म्हणजे एक धागा; डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या प्रत्येक दृष्टिचेतेत असे सुमारे १० लाख धागे असतात. त्या जुडग्याला चेता आणि त्यातल्या धाग्याला चेतातंतू म्हणावे, म्हणजे दोन्ही गोष्टींना स्वतंत्र शब्द मिळतात. ‘तंत्रिका’ चुकीची नाही. परंतु पुण्यातल्या ज्या वाचकाने शाळेत ‘चेतासंस्था’ वाचली आहे, त्याला ती परकी वाटेल.

आता ‘कर्पर’ की ‘मस्तिष्क’? मेंदूशी जोडलेल्या या चेतांच्या १२ जोड्या असतात, तर पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूपासून निघणाऱ्या मेरुचेतांच्या ३१. यावरून ‘मस्तिष्कचेता’ हा शब्द सहज सुचतो आणि कानालाही सोपा वाटतो. त्याची अडचण अकराव्या जोडीपाशी होते. मान वळवणाऱ्या व खांदे उचलणाऱ्या स्नायूंकडे जाणाऱ्या या चेतेची मुळे मानेतील मेरुरज्जूतून निघतात, कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून वर आत शिरतात आणि दुसऱ्या छिद्राने पुन्हा बाहेर पडतात. मेंदू हे काही तिचे माहेर नव्हे. पण कवटीतून मात्र ती जातेच. उलट पहिली आणि दुसरी, म्हणजे वासाची आणि दृष्टीची, या इतरांसारख्या मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून निघत नाहीत. दृष्टिचेता तर रचनेने मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. बाराही जोड्यांना समान असलेली गोष्ट म्हणजे कवटीच्या हाडांतून होणारा त्यांचा प्रवास, आणि ‘कर्पर’ हा शब्द तेवढेच सांगतो. संस्कृतात ‘कर्पर’ म्हणजे भांडे, खापरी आणि कवटीही. आपल्या ‘खापर’चे नाते त्याच्याच जोडीच्या ‘खर्पर’शी आहे. त्यामुळे दिसतो तितका तो शब्द परका नाही. माझे मत ‘कर्परचेते’ला आहे.

मात्र मसुद्यातील खरी अडचण ‘नस’ ही नसून ‘चेहऱ्याची’ ही आहे. चेहऱ्याला एक चेता नाही. गालावर माशी बसल्याचे किंवा दाढ ठणकल्याचे कळते ते पाचव्या कर्परचेतेमुळे, जिच्या तीन शाखा डोळा व कपाळ, वरचा जबडा आणि खालचा जबडा अशा विभागल्या आहेत. हसणे, भुवया उंचावणे, डोळे मिटणे हे सातवीचे काम. चेहऱ्याच्या पक्षाघातात दुखापत सातवीला होते, म्हणूनच तोंड वाकडे होते आणि डोळा मिटत नाही, परंतु गालाला केलेला स्पर्श सहसा कळतो. जिभेच्या बाबतीत तर ‘जिभेची नस’ या प्रयोगाला अर्थच उरत नाही : पुढच्या दोन-तृतीयांश भागाचा स्पर्श पाचवीकडे, त्याच भागाची चव सातवीकडे, मागच्या एक-तृतीयांश भागाची चव आणि स्पर्श दोन्ही नववीकडे, आणि जीभ हलवण्याचे काम जवळजवळ सर्वस्वी बारावीकडे. मिसळ तिखट लागली एवढे सांगायलाही एकीचे काम भागत नाही, कारण तिखटपणा ही चव नसून जळजळ आहे आणि जिभेच्या पुढच्या भागात ती पाचवीमार्फत पोहोचते. म्हणून ‘जिव्हाचेता’ असा सुटसुटीत शब्द कोणी सुचवला, तर त्यातून नेमकी कोणती चेता अभिप्रेत आहे हे आधी विचारावे.

नावासोबत क्रमांक देण्याचा आग्रह मी यासाठीच धरीन. आज रूढ असलेली १२ जोड्यांची मांडणी जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ झ्योमरिंग यांनी १७७८ मध्ये केली. त्यापूर्वी १६६४ मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी केलेल्या मोजणीत आजची सातवी आणि आठवी मिळून एकच ‘सातवी’ होती, त्यामुळे जुने लेखन चाळताना नुसत्या क्रमांकावरही विसंबता येत नाही.

दहावी कर्परचेता, म्हणजे ‘व्हेगस’, हिला मराठीत काय म्हणावे, हा वाचिकेचा उपप्रश्नही थोडक्यात. तिच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘भटकी’ असा आहे, कारण ती मानेतून छातीत व पुढे पोटापर्यंत जाते. मराठी परिभाषेतील ‘प्राणेशा’ मला अधिक आवडतो, पण रुग्णांच्या पत्रकात ‘व्हेगस’ ठेवण्यात कमीपणा नाही. डॉक्टरांच्या तोंडून रुग्ण तोच शब्द ऐकणार आहे.

मसुद्यातील वाक्य मी असे लिहीन : ‘चेहऱ्याच्या स्नायूंना हालचालीचा संदेश नेणारी सातवी कर्परचेता, जिला बोलताना आपण नस म्हणतो, ती कानाजवळच्या हाडातील अरुंद नळीत सुजते व दाबली जाते, त्यामुळे त्या बाजूचा डोळा मिटत नाही आणि हसताना तोंड दुसऱ्या बाजूला ओढले जाते.’ वाक्य मूळच्यापेक्षा लांब झाले आहे, याला माझा इलाज नाही.