परदेशात समुद्री कासवांच्या घरट्यांचं रक्षण करायला स्वयंसेवक म्हणून जायचं आहे. बहुतेक संस्था पैसे मागतात. ते भरून जावं का, आणि खरी संस्था कशी ओळखावी?

जा. पैसे भरण्यात गैर काही नाही. राहणं, जेवण, बोटीचं इंधन, वर्षभर काम करणाऱ्या स्थानिक माणसांचे पगार हे सगळं त्यातूनच निघतं. संस्था निवडताना मात्र मी एकच गोष्ट आधी बघेन : ती तुम्हाला काय काय करू देत नाही.

मी हे काम कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, तोर्तुगेरोला केलं, म्हणून तिथलं सांगते. आर्ची कार या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात तिथे हिरव्या कासवांना धातूचे बिल्ले लावायला सुरुवात केली. ते काम आजही चालू आहे. १९५९ साली त्यासाठी उभी राहिलेली संस्था आता ‘सी टर्टल कन्झर्व्हन्सी’ म्हणून ओळखली जाते. तोर्तुगेरोत बिल्ला लावलेली कासवं पुढे निकाराग्वाच्या किनाऱ्याजवळच्या सागरी गवताच्या कुरणांत सापडू लागली, तेव्हा कळलं की अंडी घालायची जागा एका देशात आणि चरायची दुसऱ्या देशात आहे. म्हणजे एकट्या कोस्टा रिकाने किनारा राखून भागणार नव्हतं. हे कळलं ते कुणीतरी रात्रीमागून रात्री नोंदी ठेवल्या म्हणून.

तुम्हीही तेच करणार आहात. गडद कपडे घालून, पांढरा टॉर्च न वापरता, मोबाइल बंद ठेवून रात्री तासन् तास मऊ वाळूत चालायचं. मादी पाण्यातून वर येताना किंवा खड्डा खणताना प्रकाश दिसला, हालचाल जाणवली, तर ती अंडी न घालताच परत फिरते. म्हणून तेव्हा लांब थांबायचं. एकदा अंडी पडायला लागली की ती सहसा विचलित होत नाही. तेवढ्या वेळात पालथं पडून, हातमोजे घालून एकेक अंडं मोजायचं. हिरव्या कासवाच्या एका घरट्यात साधारण शंभर-एकशे दहा अंडी असतात. मग बिल्ल्याचा नंबर वाचायचा, पाठीची लांबी मोजायची, आणि घरटं पुन्हा सापडावं म्हणून जवळच्या झाडाझुडपांना फिती बांधून अंतरं लिहून ठेवायची. दोनेक महिन्यांनी पिल्लं निघून गेली की घरटं उकरून रिकामी टरफलं आणि कुजलेली अंडी मोजतात. त्या वासाची सवय होत नाही. पण किती पिल्लं खरोखर बाहेर पडली हे त्यावरूनच समजतं, आणि मला हे काम सगळ्यांत मोलाचं वाटलं.

काही रात्री एकही कासव दिसत नाही. काही सकाळी जॅग्वारने मारलेलं कासव दिसतं. त्याचीही फक्त नोंद करायची, कारण ते जंगलाचं आहे.

आता ओळखायचं कसं? ज्या जाहिरातीत स्वयंसेवक तळहातावर पिल्लू धरून हसताहेत, तिथे जाऊ नका. घरट्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या अंगात पहिल्या दिवसभराची ताकद असते आणि तिच्यावर त्याला किनाऱ्यापासून दूर पोहत जायचं असतं. काही ठिकाणी पर्यटकांच्या हातून ‘सोडता’ यावीत म्हणून पिल्लं टाकीत ठेवतात. ती तिथेच पोहून दमतात. श्रीलंकेतल्या पर्यटकांसाठी चालणाऱ्या अनेक हॅचऱ्यांवर (हॅचरी म्हणजे घरट्यातली अंडी आणून उबवायची राखलेली जागा) ही टीका बरीच वर्षं होते आहे, आणि ती मला पूर्ण पटते.

हॅचरी मुळातच वाईट, असं मात्र नाही. घरटं भरतीच्या रेषेखाली असेल किंवा अंडी चोरीला जाणार असतील तर ती हलवावीच लागतात. पण ती घातल्यानंतर काही तासांतच आणि न उलटवता. पुढे गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो, तेव्हा हलवलं तर तो मरतो. संस्थेला थेट विचारा : अंडी का हलवता, किती तासांत हलवता, सावली किती ठेवता? सावलीचा प्रश्न यासाठी की वाळू साधारण २९ अंशांच्या वर गेली की माद्या जास्त निपजतात. उत्तर देताना टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका.

सुरक्षेचंही विचारा. २०१३ च्या मे महिन्याच्या अखेरीस त्याच कॅरिबियन किनाऱ्यावर मोईनला हायरो मोरा सांदोवाल हा सव्वीस वर्षांचा कोस्टा रिकन तरुण मारला गेला. तो चामडपाठी (लेदरबॅक) कासवांची अंडी वाचवायचा. त्या रात्री त्याच्यासोबत परदेशी स्वयंसेवक मुलीही होत्या. त्यामुळे गस्तीला सोबत कोण असतं, चोर दिसले तर काय करायचं ठरलं आहे, हे आधीच माहीत करून घ्या. चोरांना स्वतः अडवायला सांगणाऱ्या ठिकाणी जाऊच नका.

तुम्ही महाराष्ट्रात राहत असाल तर आधी एक हंगाम वेळास किंवा आंजर्ल्याला जाऊन या. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं येतात. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन वेळासला २००२ च्या सुमारास हे काम सुरू केलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गावातच घरगुती मुक्काम करून पहाटे कासवमित्रांबरोबर किनाऱ्यावर जाता येतं. झोपमोड आणि वाट बघणं तिथे आवडलं तर परदेशाचा खर्च करा.

तोर्तुगेरोच ठरवलंत तर चामडपाठी कासवांसाठी मार्च ते जून आणि हिरव्या कासवांसाठी जुलै ते ऑक्टोबर. रस्ता गावापर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा बोटीने करावा लागतो. पाऊस वर्षभर असतो, तेव्हा लवकर वाळणारे कपडे घ्या. विमान अमेरिकेत बदलणार असाल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा वेगळा लागतो. त्याच्या मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून तिकिटाआधी ते काम करा. थोडी स्पॅनिश शिकून जा. वर्षानुवर्षं गस्त घालणारी तिथली माणसं तीच भाषा बोलतात, आणि कासवांबद्दल जे शिकायचं ते त्यांच्याकडूनच मिळतं.