गाणी ऐकायलाही वापरता येईल असा मोबाइल निवडताना काय बघावं?

आधी ३.५ मिमीचा हेडफोन जॅक आणि मेमरी कार्डाची सोय बघा. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल नंतर. ३२० केबीपीएसचं पाच मिनिटांचं एमपी३ गाणं साधारण १२ एमबीचं असतं, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात १०,००० च्या आसपास गाणी मावतात आणि नेट नसतानाही वाजतात. दुकानात सिमचा ट्रे बाहेर काढायला लावाच. हायब्रिड निघाला तर दुसरं सिम नाहीतर कार्ड, दोन्हींपैकी एकच बसतं, आणि विक्रेता हे आपणहून क्वचितच सांगतो. ब्लूटूथवरच ऐकणार असाल तर मात्र जॅकचा आग्रह सोडा. मग एलडीएसी किंवा ॲप्टएक्स (ब्लूटूथवरून चांगल्या दर्जाचा आवाज पाठवायच्या पद्धती) फोन आणि हेडफोन दोन्हींत आहे का ते तपासा (आयफोनवर दोन्ही नाहीत, तिथे एएसी ही पद्धत चालते).