मोरपंखी की फिकट पिवळा?

प्रश्न : पुण्यात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट असून बैठकीच्या खोलीला उत्तरेकडे एकच खिडकी आहे. दिवाळीपूर्वी रंग द्यायचा आहे. मला गडद मोरपंखी आवडतो, सासूबाईंना फिकट पिवळा हवा आहे. कोणता निवडावा?

उत्तर : आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, एरवी अशा खिडकीतून ऊन न येता आकाशाचा निळसर, मवाळ उजेडच येतो, आणि त्यात मोरपंखीची झळाळी मावळून तो भर दुपारीही काळपट वाटतो. त्यामुळे चारही भिंतींना मोरपंखी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पिवळ्यातही जपायला हवे : लिंबाकडे झुकणारी छटा या उजेडात हिरवट दिसते, म्हणून गाईच्या तुपासारखी, किंचित केशरी झाक असलेली छटा घ्यावी.

मोरपंखीची हौस एका भिंतीवर अवश्य भागवावी. खिडकीच्या भिंतीवर मात्र तो नको, कारण गडद भिंतीतली उजळ खिडकी डोळ्यांना खुपते. समोरच्या भिंतीवरही नको, कारण आलेला उजेड खोलीत परत पसरवण्याचे काम तीच करते. बाजूच्या दोन भिंतींपैकी जिला दिवाण टेकलेला नाही ती निवडावी, कारण गडद मॅट रंगावर डोक्याच्या तेलाचे डाग लगेच चकाकतात.

शेडकार्डावर दोन्ही रंग शेजारी धरून निर्णय घेऊ नये. पॅरिसमधल्या गोब्लँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे काम पाहणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ च्या ग्रंथात दाखवून दिले, की शेजारी ठेवलेले रंग एकमेकांतला फरक वाढवून दाखवतात. मोरपंखीजवळचा पिवळा आहे त्याहून उजळ भासतो. त्याऐवजी दोन-दोन फुटांच्या पुठ्ठ्यांवर प्रायमर लावून प्रत्येक रंगाचे दोन हात द्यावेत, आणि ते पूर्ण वाळल्यावर एकेक पुठ्ठा भिंतीवर टेकवून सकाळी, दुपारी व दिवेलागणीला पाहावा. पिवळसर एलईडीखाली जो तुपट रंग उबदार वाटतो, तोच पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली फिका पडतो, तेव्हा दिवेही आधीच ठरवावेत.

भिंतीला ओल असेल तर प्रथम तिचा बंदोबस्त करून घ्यावा; पोपडे गडद रंगावर अधिक उठून दिसतात. काम संपल्यावर दोन्ही डब्यांवरचे शेडक्रमांक लिहून ठेवावेत आणि अर्धा-अर्धा लिटर रंग झाकण घट्ट लावून जपावा.