पंचविसाव्या आठवड्यातले वजन

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. तुझा मसुदा दोनदा वाचला. अमेरिकेत 28 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांच्या वजनाचा तक्ता तू फार कष्टाने केला आहेस. मात्र त्याखालचे ‘कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे वजन वंशामुळे कमी भरते’ हे वाक्य तू काढून टाकावेस, असे मला मनापासून वाटते.

वंशाचा रकाना कसा भरला जातो, हे आधी पाहा. आईने स्वतःबद्दल जे सांगितले ते जन्माच्या नोंदीत येते. 1989 पूर्वी तिथल्या राष्ट्रीय आकडेवारीत बाळाचा वंश आईवडील दोघांच्या नोंदींवरून ठरत असे आणि त्या वर्षापासून केवळ आईचा वंश धरला जाऊ लागला. म्हणजे शरीरात तीळमात्र फरक न पडता काही बाळांचा गट नियमाने बदलला.

शिकागोच्या रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स यांनी 1997 मध्ये इलिनॉय राज्यातील जन्मनोंदी तपासल्या. त्यांना अमेरिकेत जन्मलेल्या श्वेतवर्णीय स्त्रियांच्या बाळांचे सरासरी वजन 3446 ग्रॅम, आफ्रिकेत जन्मून तिथे आलेल्या स्त्रियांच्या बाळांचे 3333 आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाळांचे 3089 ग्रॅम आढळले. कारण आनुवंशिक असते तर आफ्रिकेतून आलेल्या स्त्रियांची बाळे सर्वांत हलकी असायला हवी होती. हे आकडे सर्व जन्मांचे आहेत, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे नव्हेत, म्हणून ते तुझ्या तक्त्यावर जसेच्या तसे लावू नकोस.

फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वजनात गटागटांत फरक का दिसतो, हा तुझा प्रश्न याहून अवघड आहे. पंचविसाव्या आठवड्यात निरोगी गर्भ पोटातच असतो. ज्याचे वजन आपण काट्यावर करतो ते बाळ काहीतरी बिघडल्यामुळे बाहेर आलेले असते, आणि काय बिघडले यावर त्याचे वजन बरेचसे अवलंबून असते. जंतुसंसर्गाने किंवा अवेळी कळा सुरू होऊन जन्मलेले बाळ बहुधा त्या आठवड्याला शोभेल एवढे भरते. आईचा रक्तदाब वाढून वारेचा रक्तपुरवठा काही आठवडे अपुरा पडला असेल आणि डॉक्टरांना प्रसूती उरकावी लागली असेल, तर त्याच आठवड्याचे बाळ कितीतरी हलके असते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये जुना उच्च रक्तदाब आणि गर्भारपणातील प्रीएक्लॅम्पसिया (गर्भारपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याचा विकार) ही दोन्ही दुखणी अधिक आढळतात. म्हणून गणितात रक्तदाबाचे ‘समायोजन’ करून, म्हणजे सर्व मातांचा रक्तदाब सारखाच धरून, फरक कमी झाला, तर ‘फरक उरला नाही’ असे लिहू नकोस. तो ज्या वाटेने आला असेल ती वाटच तू मिटवलेली असशील. शिवाय पोटातच दगावलेली बाळे तुझ्या तक्त्यात नाहीत, आणि त्यांचे प्रमाण कृष्णवर्णीय मातांमध्ये सुमारे दुप्पट आहे. आठवडे मोजण्यातली चूकही लक्षात ठेव: पहिली सोनोग्राफी उशिरा झाली की तारीख सरकते, आणि या टप्प्यावर एका आठवड्याची चूक म्हणजे शंभरेक ग्रॅमचा फरक.

तुलनेसाठी कोणता वाढतक्ता वापरावा, असे तू विचारले होतेस. इंटरग्रोथ-21 या आठ देशांतील अभ्यासात आपले नागपूरही होते. निरोगी, सुपोषित मातांच्या गर्भांची लांबी आणि डोक्याचा घेर सगळीकडे जवळपास सारखा वाढतो, असे 2014 मध्ये त्यातून मांडले गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाला निरोगी स्त्रियांच्या गर्भांतही गटागटांत फरक दिसला. यांपैकी सोयीचा तेवढाच निष्कर्ष उचलू नकोस, दोन्ही शेजारी ठेव.

इतक्या बारकाव्यांचा आग्रह मी धरते, कारण हे ग्रॅम पोकळ नाहीत. 22 ते 25 आठवड्यांच्या बाळांवरील 2008 च्या अमेरिकी अभ्यासात 100 ग्रॅम अधिक वजनाचा लाभ गर्भात आणखी सुमारे एक आठवडा राहण्याइतका ठरला होता. काचेच्या पेटीपाशी उभ्या असलेल्या आईबापांना बाळ जगण्याची शक्यता सांगताना हाच हिशेब डॉक्टरांच्या डोक्यात असतो.

तेव्हा तक्ता पुन्हा कर. पहिल्या रकान्यात प्रसूतीचे कारण घे, दुसऱ्यात पहिल्या सोनोग्राफीचा आठवडा, आणि वंश त्यानंतर. मृत जन्मांची संख्या तळाशी वेगळी दे. तो तयार झाला की पाठव. आपण ओळ न् ओळ एकत्र वाचू.

तुझी,
मार्गदर्शक