घरकुलातलं 'कुल' नक्की कुठलं?

ताई, तुम्ही विचारलंय की घरकुल मधलं कुल म्हणजे गुरुकुल मधलंच ना? नाही हो. ते जुनं संस्कृत कुल असतं तर मराठीच्या तोंडात त्याचं रूप केव्हाच बदललं असतं. देवकुलचं देऊळ झालं, राजकुलचं राऊळ, म्हणजे मधला क गळाला आणि एकट्या ल चा ळ झाला. घरकुलात क पण जागेवर आणि ल पण ल च, कारण हा ल मुळात जोडाक्षर होता, प्राकृतातला (म्हणजे संस्कृत आणि मराठीच्या मधल्या बोलींतला) उल्ल हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय, आणि ल्ल चा आपल्याकडे ळ होत नाही. म्हणून तर फल चं फळ होतं पण फुल्ल चं फूलच राहतं.

हा उल्ल हेमचंद्र या जैन पंडिताने १२ व्या शतकात अपभ्रंशाच्या (प्राकृताच्या शेवटच्या टप्प्यातल्या भाषेच्या) व्याकरणात नोंदवलाय, आणि सोबत अड सुद्धा (झोपडी, आतडं, चामडं यातला ड तोच). गंमत म्हणजे त्याच्याकडे कुडुल्ली हा शब्द येतो, म्हणजे कुटीला उल्ल लावून केलेली छोटीशी झोपडी. आणि पाणिनीकडे बघाल तर लहान कुटी ती कुटीर! आता कुटीर उद्योग म्हणताना लहानपणा कोणाच्या डोक्यात असतो? हे प्रत्यय झिजतात, मग लोक वर अजून एक चढवतात. घर + क + उल, तसंच चिमुकला, पिटुकला.

यातला क तर सगळ्यात म्हातारा, बाल-बालक वाला. तो इतका झिजला की घोटक चा घोडा आणि घोटिका ची घोडी होऊन नुसता स्वर उरला, आणि आता ती ई च लहानपणा दाखवायचं काम करते. आपल्या नाशकातल्या भांडी बाजारात उभं राहून बघा, डबा-डबी, लोटा-लोटी, पळा-पळी, दुकानदार नुसत्या ई वर साईज सांगतो. गड आणि गढी (आपल्या नाशकातली काझीची गढी) ही जोडी पण त्यातलीच. पण डोळे झाकून हा नियम लावू नका हं, झारी मागितली की छोटा झारा नाही, तोटीचं भांडं मिळेल 😄

ड ची मात्र तऱ्हा वेगळी, तो माणसाला लागला की बहुतेक वेळा तुच्छतेने लागतो. म्हाताऱ्याला म्हातारडा म्हणून बघा, लगेच काठी उगारेल. उला-उली मध्ये तसं नाही, सानुली, बाहुली, त्यात लाडच जास्त.

आणि हो, वासरू बद्दल पण विचारलंत ना, तो रू यातला कुठलाच नाही. वत्सरूप, त्याचं प्राकृतात घासून घासून वासरू झालं, त्यामुळे तिथे उल्ल शोधत बसू नका.